सूर्यघरचा अर्ज भरण्याआधी वायरमनने घरात काय पाहावं

कोणाला छतावर सोलर बसवायचं मनात आलं, की पहिला फोन कंपनीला जात नाही, ओळखीच्या वायरमनला येतो. ‘भाऊ, ते 78 हजार खरंच मिळतात का?’ म्हणून घराच्या छतावरच्या सोलरला केंद्राचं अनुदान देणाऱ्या पीएम सूर्यघर योजनेची प्रक्रिया आपल्याला पाठ हवी. माझ्या पाहण्यात अर्ज पोर्टलवर फारसा अडत नाही. तो अडतो बिलावरच्या नावात, आणि काम अडतं घराच्या अर्थिंगमध्ये.

आधी पैशाचं. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत 1 किलोवॉटला 30 हजार, 2 किलोवॉटला 60 हजार आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॉटला 78 हजार रुपये केंद्राचं अनुदान आहे. 5 किलोवॉट बसवले तरी 78 हजारच. हे पैसे काम होऊन तपासणी झाल्यावर खात्यात येतात, तोवरची सोय घरमालकाने स्वतः किंवा बँकेच्या कर्जातून करायची. पहिल्याच भेटीत हे स्पष्ट सांगा, नंतर तोंडं वाकडी होत नाहीत. किती किलोवॉट घ्यायचे, हे एका बिलावरून ठरवू नका, वर्षभराची बिलं मागा. एक किलोवॉट महिन्याला साधारण 100 ते 120 युनिट देतो, पावसाळ्यात कमी, आणि त्याला सावली न पडणारी शंभरेक चौरस फूट जागा लागते.

पात्रता सोपी आहे: छत असलेलं स्वतःचं घर, चालू घरगुती वीजजोडणी, आणि सोलरचं अनुदान आधी घेतलेलं नसावं. सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे 18 हजार मिळतात.

कागदपत्रंही थोडीच: ताजं वीजबिल, आधार, मोबाइल नंबर, ई-मेल, रद्द केलेला चेक किंवा पासबुकचं पहिलं पान. पण खरी मेख इथेच आहे. बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर, आधार नातवाचं आणि पासबुक सूनबाईंचं, अशी घरं गावोगाव आहेत. तसा अर्ज पुढे रेटू नका. आधी मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती घेऊन वीज कंपनीकडे नावबदल करून घ्या. एका घरी आम्ही घाई केली. पॅनल लागले, मीटर फिरायला लागला, पण बिलावरचं आणि पासबुकावरचं नाव जुळेना. त्या घरच्या आजी भेटतील तेव्हा विचारायच्या, ‘आले का रे पैसे?’ तेव्हापासून मी बिल आणि पासबुक शेजारी ठेवून नावातलं अक्षर न् अक्षर ताडून पाहतो.

अर्ज पीएम सूर्यघर पोर्टलवर भरायचा. राज्य आणि वीज कंपनी निवडून ग्राहक क्रमांक टाकायचा; महावितरणचा असेल तर तो 12 अंकी. 10 किलोवॉटपर्यंत वेगळी तांत्रिक तपासणी न होता मंजुरी मिळते, मंजूर भार (बिलावर लिहिलेली जोडणीची किलोवॉट मर्यादा) कमी असेल तर तोही कंपनी वाढवून देते. मग पोर्टलवरच्या यादीतला नोंदणीकृत विक्रेता निवडायचा. यादीबाहेरच्याकडून काम केलं तर अनुदान नाही. पॅनलमधले सेलही भारतात बनलेलेच हवेत, म्हणजे डीसीआर पॅनल. कोटेशनवर तो शब्द लिहून घ्या. बसवून झालं की फोटो आणि तपशील अपलोड, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा), तपासणी, आणि शेवटी बँकेचा तपशील.

आता आपलं काम. विक्रेत्याची माणसं छतावर चढतात, जुन्या बोर्डाकडे कोणी बघत नाही. मागे एका घरी अर्थिंगच्या हिरव्या वायरचा माग काढत गेलो, तर ती न्हाणीघरामागे नळाच्या पाइपाला गुंडाळलेली. लोखंडी पाइप कधीच बदलून प्लास्टिकचा झालेला. म्हणजे घराला अर्थिंगच नव्हतं! सोलरला तीन स्वतंत्र अर्थिंग करा: डीसी बाजू (पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंत) आणि पॅनलच्या स्ट्रक्चरचं एक, एसी बाजूचं (इन्व्हर्टरपासून घराच्या बोर्डापर्यंत) एक, आणि आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचं एक. अर्थ टेस्टरवर रीडिंग 5 ओहमच्या आत आणा. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) नसेल तर याच वेळी बसवून घ्या.

540 वॉटचे सहा पॅनल सिरीजमध्ये जोडले की उन्हात जवळपास 300 व्होल्ट डीसी तयार होतो. एसीत ठिणगी लवकर विझते, डीसीत ती तशीच जळत राहते. लोड चालू असताना पॅनलच्या वायरी जोडणारा एमसी-4 कनेक्टर कधीही ओढू नका. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडची वीज तोडणारा स्विच).

आणि घरमालकाला आधीच सांगा, की लाईट गेली की साधा ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारेला जोडलेला, बॅटरी नसलेला सोलरही बंद पडतो. तो मुद्दाम तसा केलेला असतो, नाहीतर छतावरची वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या आपल्याच लाइनमनच्या जिवावर बेतेल.

वायरिंगचं काम शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारामार्फत, परवानाधारक माणसांकडूनच व्हावं असा नियम आहे. अनुभव पंधरा वर्षांचा असला तरी कागद हवाच. नव्या मुलांनी दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा वीजतंत्री अभ्यासक्रम करावा. आयटीआय झालेल्यांसाठी राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा 600 तासांचा सूर्यमित्र अभ्यासक्रम आहे. या अभ्यासक्रमाच्या अर्जाला दहावी आणि आयटीआयची गुणपत्रकं, आधार, फोटो तयार ठेवा, आणि तिन्हीकडे नाव एकसारखं आहे ना, तेही बघा.