उद्यानविहार

उद्यानविहार : कुटुंबातील लहानथोरांनी मिळून फुरसतीच्या वेळी, बहुधा दुपार कलल्यावर, सार्वजनिक उद्यानात आणि त्याला जोडलेल्या पायवाटांवर पायी फिरण्याचा प्रघात. ठरलेले अंतर कापणे किंवा शिखर गाठणे हा त्याचा हेतू नसतो; म्हणून व्यायाम वा गिरिभ्रमण यांपासून तो वेगळा मानावा लागतो. जागा सर्वांना खुली असणे आणि वाट लहान मुलाला व वृद्धाला सारखीच चालण्याजोगी असणे, या दोन अटी पुऱ्या झाल्याखेरीज तो रुजत नाही.

मौजेसाठी उद्यानात जाण्याची चाल प्राचीन आहे. अथेन्सचा सेनानी किमॉन याने नगराबाहेरील अकादमी नावाच्या रुक्ष जागेत पाणी आणून सावलीच्या वाटा केल्या, असे ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो. ज्यूलियस सीझरने टायबरपलीकडील आपल्या बागा मृत्युपत्राने (इ. स. पू. ४४) रोमच्या जनतेला दिल्या. सामान्यतः इ. स. तिसऱ्या शतकाच्या सुमाराचे मानले जाणारे वात्स्यायनाचे कामसूत्र नागरकाच्या (नगरातील सुखवस्तू रसिकाच्या) करमणुकींत उद्यानगमनाचा समावेश करते : सकाळी नटूनथटून घोड्यावरून निघायचे, दिवस खेळ-तमाशांत घालवायचा आणि अपराह्णी उद्यानाची काही खूण घेऊन परतायचे. मात्र ही सहल सधन पुरुषाची, सोबत गणिका व परिचारक असलेली आहे. तीत मुलेबाळे नाहीत. कौटुंबिक उद्यानविहाराची पूर्वपीठिका म्हणून तिचा दाखला देताना हा फरक विसरू नये.

जगातील पहिले सार्वजनिक उद्यान कोणते, याबद्दल एकमत नाही. सेव्हिलमधील आलामेदा दे एर्कूलेस (१५७४) आणि मेक्सिको सिटीतील आलामेदा (१५९२) हे फार जुने दावेदार होत. पण वृक्षांच्या रांगा लावलेली फिरण्याची मोकळी जागा असेच त्यांचे मूळ स्वरूप दिसते. व्हिएन्नातील प्राटर हे राजाचे शिकारीचे रान दुसऱ्या योझेफने १७६६ मध्ये लोकांना खुले केले. म्यूनिकच्या इंग्लिश गार्डनची आखणी १७८९ पासूनची. या दोन्ही ठिकाणी जमीन राज्यकर्त्याची आणि प्रवेश त्याच्या मर्जीने होता. नगराने स्वतःच्या पैशाने केलेले उद्यान ही कसोटी लावली, तर उद्यानरचनाकार पेटर योझेफ लेनेने १८२४ च्या सुमारास आखलेले जर्मनीतील माक्डेबुर्गचे उद्यान पुढे येते. उद्यानरचनाकार लाउडनने रचलेले इंग्लंडमधील डार्बीचे वृक्षोद्यान (१८४०) ही एका उद्योजकाची देणगी होती आणि आरंभी ते आठवड्यातून दोनच दिवस विनाशुल्क असे. जोसेफ पॅक्स्टनने आखलेल्या, इंग्लंडमधील बर्केनहेड उद्यानाला (१८४७) अनेक अभ्यासक पहिलेपणाचा मान देतात. तेथे सार्वजनिक पैशाने जमीन घेऊन सुमारे १२५ एकर लोकांसाठी राखली गेली आणि भोवतालचे भूखंड विकून खर्च भागवला गेला. मालकी, खर्च आणि मुक्त प्रवेश या तिन्ही बाबी एकत्र पाहिल्यास हाच पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

तथापि उद्यानविहाराच्या दृष्टीने कोणत्याही उद्‌घाटनापेक्षा ब्रिटिश संसदेच्या सार्वजनिक फिरण्याच्या जागांविषयीच्या समितीचा १८३३ चा अहवाल महत्त्वाचा आहे. तोपर्यंत उद्यानांच्या चर्चेत शोभा आणि वनस्पती यांनाच प्राधान्य असे. या अहवालात बायकोमुलांसह फिरायला निघालेला कामकरी माणूस स्पष्टपणे समोर ठेवलेला आहे : शेजाऱ्यापाजाऱ्यांत कुटुंबासह वावरताना तो स्वतः आणि घरची माणसे नीटनेटकी दिसावीत म्हणून धडपडेल, असा समितीचा युक्तिवाद होता. त्यातला उपदेशाचा सूर आज खटकतो. पण चालण्याची जागा ही नागरी गरज आहे, हे त्यात मान्य झाले. वेळेचा प्रश्न १८५० च्या कारखाना कायद्याने काही अंशी सोडवला. कापडगिरण्यांत स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवणे बंधनकारक झाले आणि एक मोकळी दुपार हाती आली. कुटुंबे ती दुपार उद्यानात नेमकी कशी घालवीत, याच्या नोंदी त्रोटकच आहेत.

वाटांची रचना : उद्यानाचा खरा कस वाटेवर लागतो. उद्यानरचनाकार ऑल्मस्टेड व व्हॉक्स यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या १८५८ च्या आराखड्यात पादचारी, घोडेस्वार आणि गाड्या यांचे मार्ग वेगळे केले. शहरातील आडवी वाहतूक चार खोलगट रस्त्यांतून नेली. त्यामुळे मुलाचा हात सोडून चालणे शक्य झाले. वाटेचा लांबीच्या दिशेचा चढ ५ टक्क्यांपर्यंत (१०० मी. अंतरात ५ मी.) असेल, तर चाकाची खुर्ची वा बाबागाडी विसाव्याशिवाय नेता येते. सुमारे ८ टक्क्यांच्या चढाचा तुकडा साधारण ६० मी. पेक्षा लांब नसावा आणि त्याच्या दोन्ही टोकांना सपाट जागा असावी. फरसबंद वाटेचा आडवा (रुंदीच्या दिशेचा) ढाळ २ टक्क्यांच्या आसपास पुरे. त्याहून जास्त झाल्यास चाके एका बाजूला ओढली जातात. पृष्ठभागासाठी गोल गोटे निरुपयोगी असतात, कारण ते पायाखाली सरकतात. कोनदार खडी आणि तिचीच भुकटी ओली करून दाबली की ती एकमेकांत घट्ट बसते.

टेकडीवरील मातीच्या वाटेचा शत्रू म्हणजे पाणी. वाट सरळ उतारावर काढली की तिचाच ओहोळ होतो. म्हणून वाटेचा चढ बाजूच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवतात, दरीकडची कड किंचित खाली घेतात आणि ठरावीक अंतराने चढाची दिशा उलटवून पाणी बाहेर काढतात. वळण फार लांबचे असेल तर लोक मधून आडवाट पाडतात. ती बंद करण्यास मनाईचा फलक सहसा पुरत नाही. झुडपे लावणे किंवा सरळ तीच वाट पक्की करणे अधिक उपयोगी पडते.

खुणा केलेल्या पायवाटांचा आरंभ बहुधा फ्रान्समधील फाँतेनब्लोच्या जंगलात झाला. नेपोलियनच्या सैन्यातील निवृत्त सैनिक क्लोद-फ्रांस्वा दनकूर याने १८४२ पासून तेथे झाडाखडकांवर निळ्या खुणा करून वाटा आखल्या.

दुपारची वेळ : अतिनील किरणे मध्यान्हाला सर्वांत प्रखर असतात, हवेचे तापमान मात्र त्यानंतर दोन-तीन तासांनी कमाल होते. उन्हे उतरल्यावरही तापलेली फरशी उष्णता सोडत राहते. झाडाच्या सावलीतील पृष्ठभाग उन्हातल्यापेक्षा ११ ते २५ अंश से. थंड असू शकतो, म्हणून पश्चिमेकडील वृक्षरांग दुपारच्या वाटेला विशेष मोलाची. बाके ५० मी. अंतरावर असावीत, ही शिफारस वृद्धांना धरून आहे.

चालायला लागणाऱ्या वेळेचा अंदाज स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथच्या नियमाने (१८९२) करतात : तासाला सुमारे ५ किमी. आणि प्रत्येक ६०० मी. चढाला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट प्रौढाचा आहे. सोबत लहान मूल असल्यास सर्वांत सावकाश चालणाऱ्याची गती धरावी. अशा कुटुंबांना मधूनच परत फिरता येईल अशा जोडवाटा असलेले छोटे वर्तुळाकार मार्ग लांबलचक सरळ वाटेपेक्षा सोयीचे पडतात.