अंतर ठरलेलं, वेळ बदलता

दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ हे आकडे शेजारी शेजारी दिसतात, म्हणून दोन्ही एकाच हिशेबातले वाटतात. पण अंतराचं गणित विमानांच्या कितीतरी आधीचं आहे. होकायंत्राची एकच दिशा धरून गेलं तर तो मार्ग सहसा सर्वांत जवळचा नसतो, हे पोर्तुगीज गणिती पेद्रो नुनिश यांनी १५३७ मध्येच मांडलं होतं. जवळचा मार्ग म्हणजे बृहद्वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीचा मध्य हाच ज्याचा मध्य अशा वर्तुळाचा, तुकडा. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणला की तो आपोआप मिळतो. सपाट नकाशावर मात्र तोच मार्ग वाकडा दिसतो. १९२७ साली अमेरिकी वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून पॅरिसला निघाले, तेव्हा त्यांनी आधी बृहद्वृत्त काढून त्याचे शंभर-शंभर मैलांचे टप्पे पाडले होते आणि प्रत्येक टप्प्याला दिशा थोडी बदलायची असं ठरवलं होतं. सुमारे ५,८०० किलोमीटरला त्यांना साडेतेहतीस तास लागले.

वेळेच्या गोष्टीत माझ्या मते सर्वांत मोठा वाटा वाऱ्याचा. जपानच्या तातेनो वेधशाळेत वासाबुरो ओइशी १९२० च्या दशकात फुगे सोडून वरच्या हवेतला वारा मोजत होते. हिवाळ्यात जपानवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे फार वेगवान प्रवाह वाहतो, हे त्यांच्या नोंदींत स्पष्ट होतं. जगभर वाचता यावा म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरान्तो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत काढला, तरी बाहेर त्याची फारशी दखल घेतली गेली नाही, याची हळहळ वाटते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानं याच प्रवाहात सापडली, तेव्हा कुठे जेट प्रवाहाचं महत्त्व सर्वांना कळलं. १९५२ मध्ये पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीने टोकियो–होनोलुलू उड्डाण त्या प्रवाहातून नेलं आणि १८ तासांचा प्रवास साडेअकरा तासांवर आला. लंडन–न्यूयॉर्क अंतर साधारण ५,५५० किलोमीटर. तरी न्यूयॉर्कला जाताना वारा समोरून येत असल्याने परतीपेक्षा बहुधा तासभर जास्त लागतो.

वेळापत्रकातला वेळ म्हणजे ब्लॉक टाइम: विमान गेटवरून हललं तेव्हापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतचा. धावपट्टीपर्यंतची रांग त्यातच धरतात.

राजकारणही या आकड्यात शिरतं. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बहुतेकांना बंद होतं, म्हणून युरोपातून टोकियोला जाणारी कितीतरी विमानं अलास्कातल्या अँकरेजला इंधन भरायला थांबत. १९८३ मध्ये फिनएअरने हेलसिंकीहून ध्रुवावरून न थांबता टोकियो गाठणारी सेवा सुरू केली. पुढे सायबेरियाचं आकाश खुलं झालं आणि हा प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय विमानांना पुन्हा बंद झालं. हेलसिंकी आणि टोकियोमधलं अंतर होतं तेवढंच राहिलं, प्रवास मात्र सुमारे १३ तासांवर गेला आणि विमानं पुन्हा ध्रुवावरून जाऊ लागली.