जन्मकालीन श्वासावरोध व प्रसूतिसेवा

जन्मकालीन श्वासावरोध : जन्मल्यावर बाळाने आपणहून श्वास सुरू न करणे किंवा सुरू झालेला श्वास न टिकणे. बोलीत ‘मूल रडलेच नाही’ असे म्हणतात. संज्ञेच्या व्याप्तीबाबत मतभेद आहेत. वरील व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेची असून ती घरच्या बाळंतपणातही लावता येते. रुग्णालयीन व्याख्येत नाळेच्या रोहिणीतील रक्ताचा पीएच (आम्लतेचे माप; तो घटला की आम्लता वाढते) ७.० पेक्षा कमी असणे, पाच मिनिटांनंतरही अ‍ॅपगार गुण ३ किंवा त्याहून कमी राहणे व मेंदूवरील परिणामाची लक्षणे अपेक्षित असतात. नाडी, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिक्षेप व रंग यांवरून गुण देण्याची ही पद्धत अमेरिकन भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. अपुऱ्या दिवसांच्या किंवा आईला गुंगीचे औषध दिलेल्या बाळाचे गुणही कमी येतात. म्हणून केवळ गुणांवरून निदान करणे सदोष ठरते.

इंग्लिश शल्यविशारद लिटल यांनी १८६१-६२ च्या सुमारास मेंदूच्या पक्षाघाताचा संबंध अवघड प्रसूतीशी जोडला. मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध असलेले सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ मध्ये उलट शक्यता मांडली : गर्भातच दोष असल्याने प्रसूती अवघड होत असावी. नेल्सन व एलनबर्ग यांचा १९८६ चा अभ्यास पक्षाघातापुरता फ्रॉइडकडे झुकतो. मृत्यूंच्या बाबतीत मात्र प्रसूतीतील देखरेखीचा वाटा मोठा धरणेच अधिक सयुक्तिक दिसते.

प्रत्येक कळेत वारेकडे जाणारे रक्त घटते व दोन कळांमधील विसाव्यात ते पूर्ववत होते. प्रसूती अडली किंवा कळा वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिन सलाइनमधून मोजून न देता थेट दंडात टोचले, तर हा विसावाच उरत नाही. म्हणून बाळाचे ठोके (मिनिटाला ११० ते १६०) सुरुवातीला दर १५ ते ३० मिनिटांनी व जोर देण्याच्या काळात दर पाच मिनिटांनी ऐकायचे असतात. फिलपॉट व कॅसल यांनी १९७२ मध्ये पार्टोग्राफवर (प्रसूतीची प्रगती वेळेनुसार नोंदवण्याचा आलेख) ‘सावधगिरी’ व ‘कृती’ अशा दोन रेषा आणल्या. गर्दीच्या प्रसूतिगृहांत तो पुष्कळदा बाळंतपण उरकल्यावर भरला जातो. तेव्हा त्या रेषांना अर्थ राहत नाही.

न रडलेले बाळ कोरडे पुसून पाठ चोळतात. तेवढ्याने न भागल्यास पहिल्या मिनिटातच अंबू बॅगने (मुखवटा जोडलेली, हाताने दाबायची पिशवी) श्वास देतात. छाती उचलली जाते का, हे पाहावे लागते. मुखवटा कडेने सैल बसला तर हवा गालावरून निसटते. पूर्ण दिवसांच्या बाळाला शुद्ध ऑक्सिजनऐवजी साधी हवा पुरते, याचा एक आरंभीचा पुरावा दिल्लीतील रामजी व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दिला. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या कामात प्रशिक्षित आरोग्यदूत घरच्या बाळंतपणाला हजर राहू लागल्यावर तीव्र श्वासावरोध झालेल्या बाळांतील मृत्यूंचे प्रमाण ३९ वरून २० टक्क्यांवर आले. भारत सरकारचा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम २००९ चा, तर प्रसूतिकक्षांच्या दर्जासाठीचा ‘लक्ष्य’ २०१७ चा. मेंदूची हानी रोखण्यासाठी बाळाचे शरीर थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत रूढ आहे. भारत, श्रीलंका व बांगलादेशातील २०२१ च्या चाचणीत त्याने मृत्यू कमी न होता वाढले.

आकडेवारीत एक घोळ कायम आहे. ठोके न तपासता निपचित बाळ ‘मृतजन्म’ म्हणून नोंदले जाते. टांझानियात सुइणींना व परिचारिकांना श्वास देण्याचे शिक्षण दिल्यावर (२०१३ चा अहवाल) पहिल्या दिवसातील मृत्यूंबरोबर ताजे मृतजन्मही (जन्माच्या थोडेच आधी मृत्यू झाल्याचे मानलेले) २४ टक्क्यांनी घटले. त्यांतली काही बाळे जिवंतच जन्मत असावीत.