आरोग्य कर्मचाऱ्यांची क्षयरोग तपासणी : खर्च आणि परिणामकारकता

रुग्णालयात काम करणाऱ्यांना क्षयाची लागण होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. खोकणाऱ्या रुग्णाचं निदान व्हायच्या आधीपासूनच परिचारिका, वॉर्डबॉय आणि निवासी डॉक्टर वॉर्डातल्या त्याच हवेत श्वास घेत असतात. त्यांची तपासणी कोणत्या चाचणीने आणि किती वेळा केली म्हणजे पैसा सार्थकी लागतो, याचा अभ्यास म्हणजे खर्च-परिणामकारकतेचा हिशेब. जादा खर्चातून निरोगी आयुष्याची किती वर्षं पदरात पडली, हे त्यात मोजतात.

चाचण्या मुख्यतः दोन. मान्टू चाचणीत हाताच्या आतल्या बाजूला कातडीत ०.१ मिलिलिटर ट्युबरक्युलिन (क्षयजंतूंपासून काढलेली प्रथिनं) टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी तिथला टणक फुगवटा मिलिमीटरमध्ये मोजतात. लाली मोजायची नसते. चाचणी स्वस्त खरी, पण रात्रपाळी करून घरी गेलेली परिचारिका वेळेत परत आली नाही तर टोचणं वाया जातं. रक्तावरची इग्रा चाचणी एकाच भेटीत होते, बीसीजी लसीमुळे चुकत नाही, मात्र महाग पडते.

खर्च चाचणीपाशी थांबत नाही. समजा, १,००० कर्मचाऱ्यांपैकी वर्षभरात ३ जणांनाच नवी लागण झाली आणि चाचणी निरोगी माणसांतल्या शेकडा ३ जणांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. मग त्या तिघांबरोबर आणखी ३० जण एक्स-रेच्या रांगेत उभे राहतात. त्यांतल्या काहींना महिनोन्‌महिने आयसोनियाझिड हे क्षय टाळण्याचं औषध घ्यावं लागतं आणि त्याने यकृताला इजा होऊ शकते. सुप्त लागण झालेल्यांपैकीही, म्हणजे जंतू अंगात आहेत पण आजार नाही अशांपैकी, शेकडा ५ ते १० जणांनाच पुढे आयुष्यात कधी क्षय होतो. म्हणूनच अमेरिकेत २०१९ साली नियम बदलला : नोकरीला लागताना तपासणी, त्यानंतर रुग्णाशी विनासंरक्षण संपर्क आला किंवा रुग्णालयात संसर्ग पसरत असला तरच पुन्हा. सरसकट वार्षिक चाचणी थांबली.

हा नियम जसाच्या तसा आपल्याकडे आणता येत नाही. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या ७२६ कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले सुमारे ५० टक्के दोनांपैकी निदान एका चाचणीत पॉझिटिव्ह होते, तर दोन्हींत ३१ टक्के. निम्मे लोक आधीच पॉझिटिव्ह असताना तीच चाचणी त्यांच्यावर दरवर्षी करून नव्या लागणीबद्दल फारसं काही कळत नाही. अशा ठिकाणी उघड्या खिडक्या, एन-९५ मास्क, खोकणाऱ्या रुग्णाला ओपीडीतच वेगळं बसवणं आणि दोन आठवडे खोकला असलेल्या कर्मचाऱ्याची थुंकी लगेच तपासणं, यांवर पैसा आधी खर्च व्हायला हवा.

प्रतिबंधक उपचार किती जण पुरा करतात, यावरही हिशेब फिरतो. रोज सहा महिने आयसोनियाझिड घेताना अनेक जण मध्येच सोडतात. आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन या दोन औषधांचे मिळून आठवड्याला एक असे १२ डोस पुरे करणाऱ्यांचं प्रमाण जास्त असतं. उपचार अर्धवट सुटला, तर तपासणीवर केलेला खर्चही बराचसा बुडतो.