फिटच्या गोळ्यांचं महिन्याचं बिल कमी करायचंय? कागद नेमका कुठे अडतो ते आधी बघा

फिटचे पेशंट असलेल्या घरांना फॉर्म भरून द्यायला मी गेली काही वर्षं आठवड्यातून एकदा बसते. माझ्या लेकीलाही सकाळ-संध्याकाळ गोळ्या आहेत, त्यामुळे महिन्याच्या एक तारखेला मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिल्यावर पोटात काय होतं ते मला वेगळं सांगायला नको. लोक येतात, हातात फाइल असते, आणि दहातल्या सहा-सात जणांचा पहिला प्रश्न एकच असतो, "ताई, महात्मा फुले योजनेचं कार्ड काढलंय, आता गोळ्या फुकट मिळतील ना?"

नाही मिळणार. तुम्ही सुट्टी टाकून हेलपाटा मारण्याआधीच सांगते. महात्मा फुले जनआरोग्य योजना काय किंवा आयुष्मान कार्ड काय, दोन्ही हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाल्यावर ठरलेल्या उपचारांसाठी आहेत. कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण म्हणजे मोठा आधार आहे, सलग फिट येऊन आयसीयूत जायची वेळ आली तर हेच कार्ड कामाला येतं. पण ओपीडीत दाखवून महिन्याच्या गोळ्या घरी न्यायच्या तर त्यात ते बसत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीचंही तसंच, तोसुद्धा हॉस्पिटलच्या उपचारांच्या खर्चासाठी असतो. हे कार्ड काढून देतानाच कोणी का सांगत नाही, याचा मला दर वेळी राग येतो.

मग महिन्याच्या गोळ्यांसाठी काय? मार्ग आहेत, पण सगळ्याची सुरुवात डॉक्टरांच्या चिठ्ठीपासून होते आणि निम्मी माणसं तिथेच अडकतात.

चिठ्ठीवर कंपनीचं ब्रँड नाव लिहिलेलं असेल तर मेडिकलवाला त्याऐवजी दुसऱ्या कंपनीची स्वस्त गोळी स्वतःहून देऊ शकत नाही. तो आडमुठेपणा करत नाहीये, शेड्यूल एचच्या औषधांना कायद्यानेच तशी मनाई आहे आणि फिटच्या गोळ्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या आहेत. जनऔषधी केंद्रातून, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानातून, "हे नाव आमच्याकडे नाही" म्हणून लोक परत येतात ते याचमुळे, गोळी आत कपाटात असते, फक्त चिठ्ठीवर तिचं खरं नाव नसतं. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलात की एवढंच म्हणा, "डॉक्टर, औषधाचं मूळ नाव लिहून द्याल का, जनऔषधीतून घ्यायचंय." यात त्यांचा अपमान वगैरे काही होत नाही, डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ पासून स्पष्ट आहे की औषध जेनेरिक नावाने आणि वाचता येईल असं लिहावं. चिठ्ठीवर मूळ नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, किती दिवसांसाठी, तारीख, सही आणि डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर एवढं पाहिजेच. पुढच्या प्रत्येक खिडकीवर हीच चिठ्ठी मागणार आहेत, तर एकदाच नीट करून घ्या आणि चार झेरॉक्स काढून ठेवा.

आता काळजीने एक सांगते. गोळीच्या नावापुढे ईआर, सीआर, एक्सआर किंवा क्रोनो असं काही असेल तर ते शब्द सोडायचे नाहीत. लिव्हेटिरासिटम ५०० साधी आणि लिव्हेटिरासिटम ५०० ईआर या दोन वेगळ्या गोळ्या आहेत, एक हळूहळू सुटते, दुसरी नाही. आणि स्वस्त कंपनीवर जायचं ठरलं तर डॉक्टरांना विचारून एकदाच जा आणि मग तीच धरून ठेवा, दर महिन्याला जी मिळेल ती असं करू नका, फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिनच्या बाबतीत तर अजिबात नाही, त्यात रक्तातलं प्रमाण थोडं हललं तरी फिट येऊ शकते किंवा गरगरायला लागतं. नवीन पाकीट हातात येईपर्यंत जुनी गोळी बंद करायची नाही. फॉर्म मंजूर होईल तेव्हा होईल.

नुसत्या चिठ्ठीने किती फरक पडतो बघा. ब्रिव्हरासिटम या फिटच्या औषधाचं पेटंट फेब्रुवारी २०२१ मध्ये संपलं, त्यानंतर बऱ्याच भारतीय कंपन्यांनी ती गोळी काढली आणि भाव जोरात खाली आले. पण ज्यांची चिठ्ठी २०२० पासून तशीच पुढे चालू आहे त्यांच्यातले काहीजण अजून जुन्याच महाग नावाची गोळी घेतायत, कारण कोणी विचारलंच नाही. जनऔषधी सुगम या ॲपवर औषधाचं मूळ नाव टाकलं की किंमत आणि जवळचं केंद्र दिसतं. ॲपवर गोळी दिसली म्हणजे त्या केंद्रात ती आज असेलच असं नाही, आधी फोन करा, आणि गोळ्या संपायच्या दहा दिवस आधी करा, आदल्या रात्री नको.

सरकारी दवाखान्याचं बघू. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय म्हणजे आपलं सिव्हिल, इथे केसपेपरपासून सगळं मोफत आहे. मेडिकल कॉलेजची आणि महापालिकेची हॉस्पिटलं या विभागाखाली येत नाहीत, त्यांचे नियम वेगळे, त्यामुळे "मोफत असतं ना" म्हणून तिथे भांडू नका. अडचण इथे होते की खाजगी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन लोक थेट औषधाच्या खिडकीवर जातात आणि परत येतात. तिथला केसपेपर काढायचा, तिथल्या डॉक्टरांना दाखवायचं, सोबत जुनी चिठ्ठी, ईईजी आणि एमआरआयचे रिपोर्ट न्यायचे, मग ते त्यांच्या कागदावर औषध लिहितात. अर्धा दिवस जातो, मला माहितेय, रोजंदारीवरच्या माणसाला तो अर्धा दिवस पण महाग असतो. जुनी औषधं तिथे बहुतेक मिळून जातात, नवीन औषधं नेहमी मिळतीलच असं नाही. आणि घरात वयात आलेली मुलगी किंवा लग्न झालेली बाई पेशंट असेल तर फक्त फुकट मिळतंय म्हणून व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधावर जाऊ नका, गरोदरपणात त्या औषधाने बाळाला व्यंग येण्याचा धोका खरोखर जास्त आहे, आधी न्यूरोलॉजिस्टशी बोला.

नोकरदारांसाठी सगळ्यात दुर्लक्षित मार्ग म्हणजे ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि पगाराच्या स्लिपवर पाऊण टक्का ईएसआय कापला जात असेल तर तुम्ही, नवरा किंवा बायको, मुलं आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांना औषधं मिळण्याचा हक्क आहे आणि तो नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आहे. इतकी माणसं वर्षानुवर्षं पैसे कापून घेतात आणि गोळ्या मात्र बाहेरून विकत आणतात! इथे दोन ठिकाणी अडतं. एक, कार्डात घरच्यांची नावंच टाकलेली नसतात किंवा आधार जोडलेलं नसतं, ते कंपनीच्या एचआरकडून करून घ्या, मागे लागावं लागतं. दुसरं पगारवाढीचं. पगार २१,००० च्या वर गेला की लोक समजतात ईएसआय त्याच दिवशी संपला, तसं नसतं. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा-सहा महिन्यांचे हप्ते असतात, मध्येच पगार वाढला तरी तो हप्ता संपेपर्यंत कपात चालू राहते, आणि एप्रिल-सप्टेंबरच्या कपातीचा फायद्याचा काळ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये असतो. म्हणजे जूनमध्ये पगार वाढलेल्या माणसाने जुलैत गोळ्यांसाठी जाणं बंद करायचं काही कारण नाही. दवाखान्यात गोळी शिल्लक नसेल तर नुसतं तोंडी "नाही" ऐकून घरी येऊ नका, "औषध उपलब्ध नाही" असं चिठ्ठीवर लिहून घ्या, त्या ओळीशिवाय बाहेरच्या बिलाचे पैसे मागायला गेलं की अर्ज परत येतो.

आता लहान मुलांच्या आईवडिलांसाठी, कारण सगळ्यात जास्त अर्ज इथे फेटाळले जातात. राष्ट्रीय न्यास या दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण, फी शेकड्यात, वयाची अट नाही, आधी मेडिकल तपासणी नाही, आणि मुख्य म्हणजे यात ओपीडी आणि औषधांचा खर्चसुद्धा येतो. पण ही फक्त चार गोष्टींसाठी आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. नुसती फिट यात नाही. दिव्यांग कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार दिलेत, त्यातही अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, स्वतंत्र प्रकार म्हणून नाही, त्यामुळे "फिट येते म्हणून अपंगाचं सर्टिफिकेट द्या" असा अर्ज केला की तो परत येतो आणि आई रडत माझ्याकडे येते. फिट येणाऱ्या बऱ्याच मुलांना सोबत बौद्धिक अक्षमता किंवा सेरेब्रल पाल्सी असते, तसं तुमच्या मुलाला असेल तर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज त्या नावाने करा आणि फिटचा उल्लेख सोबतच्या रिपोर्टमध्ये राहू द्या. नसेल तर खोटं लिहून आणायला जाऊ नका, पुढे मुलालाच त्रास होतो.

यूडीआयडीचा अर्ज ऑनलाइन भरायचा, मग सिव्हिलला तपासणीची तारीख मिळते. लहान मुलांना अनेकदा तात्पुरतं सर्टिफिकेट देतात आणि त्यावर मुदत छापलेली असते, ती तारीख कोणी वाचत नाही आणि दोन-तीन वर्षांनी निरामयचं नूतनीकरण करताना अडतं. आमच्याकडे मागे एका मुलीचं असंच झालं, सर्टिफिकेट संपून चार महिने झालेले, पुन्हा तपासणीची तारीख मिळेपर्यंत सगळी बिलं घरच्यांच्या खिशातून गेली. मोबाइलमध्ये सहा महिने आधीची आठवण लावून ठेवा. निरामयचा अर्ज न्यासाकडे नोंदणी असलेल्या जवळच्या संस्थेतून भरून घ्या, सोबत यूडीआयडी, आधार, फोटो, बँक पासबुक, पिवळं किंवा बीपीएल कार्ड असेल तर ते. क्लेमला मूळ बिलं लागतात, म्हणून मेडिकलमधून दर वेळी पेशंटच्या नावाचं, तारखेचं पक्कं बिल घ्या. वर्षाची बिलं साठवून एकदम पाठवायची चूक फार जण करतात. क्लेमची मुदत दिवसांत मोजतात, महिन्याचं बिल महिन्यातच पाठवा.

३१ मार्च ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा. निरामयचं वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपतं, तुम्ही डिसेंबरमध्ये नाव घातलंत तरी ते मार्चलाच संपणार. उत्पन्नाच्या दाखल्याचंही तसंच, लोकांना वाटतं काढल्यापासून एक वर्ष चालतो, पण दाखला हातात घेऊन खालची ओळ वाचा, त्यावर ३१ मार्चच लिहिलेलं असतं. फेब्रुवारीत काढलात तर दीड-दोन महिनेच वापरता येतो. आणि दाखला तहसीलदारांचा लागतो, सेतूतून किंवा आपले सरकारवरून काढलेला, तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल हा फक्त तो काढण्यासाठीचा कागद आहे, तो जोडला की अर्ज परत.

हाच दाखला धर्मादाय हॉस्पिटलमध्ये चालतो. ॲडमिट व्हायची वेळ आली तर वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असलेल्यांना १० टक्के खाटा मोफत आणि ३,६०,००० पर्यंत असलेल्यांना आणखी १० टक्के खाटा सवलतीत राखीव असतात, आणि औषधं हॉस्पिटलच्या खरेदी किमतीत लावायची असतात. काउंटरवर विचारू नका, तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा.

टॅक्स भरणाऱ्यांनी एक चूक टाळा. इन्कम टॅक्समध्ये ठरावीक आजारांच्या खर्चासाठी ८०डीडीबी म्हणून ओळखली जाणारी वजावट आहे, तिच्या मेंदूविकारांच्या यादीत अपस्मार नाही, पार्किन्सन्स, डिमेन्शिया वगैरे आहेत, त्यामुळे गोळ्यांची बिलं तिथे दाखवली तर नोटीस येऊ शकते. अवलंबून असलेल्या मुलाकडे ४० टक्क्यांचं किंवा वरचं दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर ८०डीडी म्हणून ओळखली जाणारी ७५,००० ची वजावट बघा, ८० टक्के आणि वर असेल तर १,२५,०००, तीही फक्त जुनी कररचना घेतली असेल तरच, आणि ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर डॉक्टरांकडून टॅक्सचा ठरलेला फॉर्म वेगळा भरून घ्यावा लागतो, नुसत्या यूडीआयडीवर ते चालत नाही.