बायोमार्करची पडताळणी आणि लहान कंपन्यांचे अनुदान: पार्श्वभूमी

अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूचा तुकडा काढून तपासता येत नाही. त्यामुळे अनेक दशके निदान लक्षणांवरूनच होत राहिले आणि खात्री पटायची ती शवविच्छेदनानंतर. याची मोठी किंमत औषधांच्या चाचण्यांनी मोजली. 2012 मध्ये एली लिली कंपनीच्या सोलानेझुमॅब या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्या अपयशी ठरल्या. सौम्य लक्षणांच्या ज्या रुग्णांची अमायलॉइड या अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनासाठी तपासणी झाली होती, त्यांतल्या सुमारे एक चतुर्थांश जणांच्या मेंदूत ते आढळलेच नाही. ज्या प्रथिनासाठी औषध बनवले तेच नसलेल्या माणसांना दीड वर्ष ते शिरेतून दिले जात होते.

म्हणून बायोमार्कर हवा, म्हणजे आजाराची मोजता येणारी खूण, जसे रक्तातले एखादे प्रथिन. संभाव्य बायोमार्कर प्रयोगशाळांतून ढिगाने निघतात. घोडे अडते ते पुढे. तोच आकडा दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या शहरात, महिनोन्महिने गोठवून ठेवलेल्या नमुन्यातही येतो का, हे आधी दाखवावे लागते. मग निरनिराळ्या वयांच्या, इतर व्याधी असलेल्या शेकडो रुग्णांत तो आजार खरोखर ओळखतो का, हे पाहायचे. काम खर्चिक आणि वेळखाऊ. नवा शोध लागत नाही म्हणून विद्यापीठे त्यात फारशी उतरत नाहीत. परतावा लांबचा म्हणून गुंतवणूकदार थांबतो. माझ्या मते सरकारी पैशाची सर्वांत जास्त गरज इथेच आहे.

अमेरिकेत हा पैसा ज्या वाटेने येतो ती, म्हणजे लहान कंपन्यांना संशोधन अनुदान देणारी एसबीआयआर योजना, मेंदूविकारांसाठी आखलेली नव्हती. नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संशोधन-निधी संस्थेतले अधिकारी रोलंड टिबेट्स यांनी 1977 मध्ये लहान कंपन्यांना टप्प्याटप्प्याने संशोधन अनुदान देण्याचा प्रयोग सुरू केला. आधी छोटी रक्कम, कल्पना टिकली तर मोठी, आणि बाजारात उतरण्याचा खर्च मात्र कंपनीने उभा करायचा. 22 जुलै 1982 रोजी अध्यक्ष रेगन यांनी त्याच्या कायद्यावर सही केली. आपल्या वाट्याचा निधी कमी होईल म्हणून विद्यापीठांनी विरोध केला होता. बाहेरच्या संशोधनावर वर्षाला 10 कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च करणाऱ्या खात्यांना त्यातला ठरावीक वाटा लहान कंपन्यांसाठी बाजूला काढणे बंधनकारक झाले. सुरुवातीला 0.2 टक्के असलेला हा वाटा पुढे 3.2 टक्क्यांवर गेला. कंपनीत जास्तीत जास्त 500 कर्मचारी असावेत, ही अट. सरकार मात्र कंपनीत मालकीचा हिस्सा मागत नाही.

बायोमार्करची बाजू उशिरा सावरली. 2001 मध्ये तज्ज्ञगटाने बायोमार्करची व्याख्या दिली, 2004 मध्ये अल्झायमरचे स्कॅन आणि नमुने जमवणारा एडीएनआय प्रकल्प सुरू झाला. 2016 मध्ये एफडीए (अमेरिकेचे औषध नियामक) आणि एनआयएच (तिथली सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) यांनी मिळून बायोमार्करचे सात प्रकार ठरवले. पुढे एनआयएचच्या मेंदूविकार व पक्षाघात संस्थेने खास पडताळणीसाठी अनुदाने काढली. त्यात लहान कंपन्यांसाठी वेगळा मार्ग आहे, आणि ठरलेले टप्पे गाठले तरच पुढचा हप्ता मिळतो.

सेंट लुईसच्या सीटूएन डायग्नॉस्टिक्स कंपनीला एनआयएचच्या वृद्धत्व संस्थेकडून एसबीआयआर अनुदान मिळाले आणि 2020 मध्ये तिची रक्तातील अमायलॉइडची तपासणी डॉक्टरांच्या हाती आली. डोक्याच्या मारासाठी फ्लोरिडात सुरू झालेल्या बनयान कंपनीची दोन प्रथिनांची रक्ततपासणी 2018 मध्ये एफडीएने मान्य केली. तिच्यामागे संरक्षण खात्याचा पैसा होता.

भारताने 2005 मध्ये जैवतंत्रज्ञान विभागामार्फत याच धर्तीची एसबीआयआरआय योजना आणली. 2012 मध्ये जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणारी बायरॅक ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि पुण्यातले व्हेंचर सेंटर तिच्या नवउद्योजक अनुदानात भागीदार आहे. या पैशातला काही भाग पडताळणीकडे वळायला हवा. अल्झायमरची दुसरी खूण असलेल्या टाऊ प्रथिनाचे रक्तातील प्रमाण मूत्रपिंडाच्या आजारातही वाढते, आणि मधुमेहाने मूत्रपिंडे बिघडलेले वृद्ध आपल्याकडे मोठ्या संख्येने आहेत. प्रामुख्याने गोऱ्या अमेरिकी रुग्णांवर ठरलेली त्या प्रमाणाची मर्यादा त्यांना जशीच्या तशी लावली, तर अल्झायमर नसलेल्या माणसालाही तो असल्याचे सांगितले जाईल.