आनंदगान, ख्रिस्ती उपासनेतील (सोलापूर)

ख्रिस्ती उपासनेत देवाच्या स्तुतीसाठी मंडळीने, म्हणजे चर्चमधील भाविकांच्या समुदायाने, एकत्र गायिलेली उल्हासाची गीते. त्यांचे मूळ बायबलमधील स्तोत्रसंहितेत आहे. १०० वे स्तोत्र गात गात देवासमोर यायला सांगते, तर १५० वे शिंग, वीणा, डफ, पावा, झांजा अशी वाद्येच मोजते आणि नृत्यालाही जागा देते. देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पवित्र पेटीपुढे, कराराच्या कोशापुढे, दावीद राजा नाचला, ते त्याची पत्नी मीखल हिला मुळीच रुचले नाही. म्हणजे उपासनेत नाच-वाद्ये किती असावीत, हा वाद जुनाच. पौल व सीला हे ख्रिस्ताचे प्रचारक फिलिप्पै शहरातील तुरुंगात मध्यरात्री गात होते. आनंदासाठी परिस्थिती अनुकूल असावी लागते, असे बायबल मानत नाही.

सोळाव्या शतकात, प्रॉटेस्टंट पंथांना जन्म देणाऱ्या धर्मसुधारकांपैकी ल्यूथरने लोकभाषेतील गीते मंडळीच्या तोंडी दिली. झ्विंगलीने मात्र झुरिकच्या उपासनेतून संगीत काढून टाकले, आणि कॅल्व्हिनने स्तोत्रे वाद्यांविना गाण्यापुरतीच मोकळीक ठेवली.

सोलापुरात प्रॉटेस्टंट मंडळी उभी राहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून. मिशनरींनी आणलेल्या पाश्चात्त्य चालींवर मराठी शब्द बसवले जात. पण इंग्रजी चाल आघातावर चालते आणि मराठी पद्य अक्षरांच्या ऱ्हस्वदीर्घावर, त्यामुळे कित्येक ओळी गाताना अडखळत. याला उत्तर अहमदनगरकडून आले. तिथे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात गायिले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत.

अभंगाची ताकद त्याच्या घडणीत आहे. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा. ध्रुवपद सोपे असते, एकजण ओळ सांगतो, बाकीचे उचलतात आणि आवर्तनागणिक लय चढत जाते. वाचता न येणाऱ्यालाही दोन फेऱ्यांत गाता येते. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या कानाला टाळ-मृदंगाची ही चढती लय वेगळी शिकवावी लागत नाही. पेटी, तबला, ढोलकी, झांजा ही भजनातली वाद्ये म्हणूनच उपासनेत सहज मिसळली.

कॅथलिक परंपरेत आनंदाला ऋतू असतो. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात ‘आल्लेलूया’ (‘देवाची स्तुती करा’) गात नाहीत. ते ईस्टरच्या जागरणविधीत पुन्हा उच्चारले जाते आणि चाळीस दिवसांच्या मौनामुळेच त्याला धार येते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेच्या, १९६३ मधील उपासनाविषयक संहितेने लोकभाषेला आणि स्थानिक संगीताला अधिकृत वाट करून दिली.

आता कीबोर्ड, गिटार आणि ड्रम आले आहेत. ज्येष्ठांना ते गोंगाट वाटतात, तरुणांना जुनी गीते संथ. यात वाद्यांना दोष देणे फारसे योग्य नाही. माईकवरचे चारजण गातात आणि बाकीची मंडळी ऐकते, तेव्हा ते आनंदगान राहत नाही, कार्यक्रम होतो. नाताळच्या आधी रात्री घरोघर जाऊन गीते म्हणण्याच्या प्रथेत ही अडचण येत नाही, कारण तिथे दार उघडणाऱ्यालाही दोन ओळी म्हणायला लावतात.